न्यूट्रॉन ताऱ्याचं खळं: सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकातल्या स्फोटक न्यूट्रॉन ताऱ्यांवरच्या (मोठ्या ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा म्हणजे न्यूट्रॉन तारा) लेखात एक वाक्य होतं: ‘तारा विझत आल्यावरही त्याच्याभोवती क्ष-किरणांची कडी दिवसेंदिवस मोठी होताना दिसतात.’ त्या एका वाक्यावर सोलापुरातून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत. सलग पसरलेल्या तेजाला ‘खळं’ आणि सुट्या वर्तुळाला ‘कडं’ असे दोन शब्द आम्ही वेगळे वापरले आहेत, कारण विषयाचा अर्धा गोंधळ हे दोन एक मानल्यानेच होतो.

प्रश्न : चंद्राला खळं पडतं तसंच हे का? आणि अवकाश रिकामं असताना तिथे धूळ कुठली? (साखर पेठ)

नातं आहे, पण चंद्राच्या कोणत्या खळ्याशी ते बघायला हवं. चंद्रापासून लांब, २२ अंशांवर जे मोठं वर्तुळ दिसतं ते उंचावरच्या ढगांतल्या बर्फाच्या स्फटिकांत प्रकाशाचं अपवर्तन होऊन तयार होतं. त्याचा इथे संबंध नाही. पातळ ढग चंद्रावरून सरकताना चंद्राला चिकटून तांबूस कडेचं तेज दिसतं, ते मात्र पाण्याच्या बारीक थेंबांवर होणाऱ्या विवर्तनाचं, म्हणजे थेंबांच्या कडेजवळून प्रकाश वळण्याचं. क्ष-किरणांचं खळं या दुसऱ्या जातीचं.

ताऱ्यांमधली जागा अगदी विरळ असली तरी रिकामी नाही. तिथल्या वायूच्या वजनाच्या साधारण एक टक्का भाग सिलिकेट आणि कार्बनच्या कणांचा असतो. कण धुरातल्या कणांसारखे, मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) दहाव्या भागाच्या आसपास. क्ष-किरण अशा कणाजवळून जाताना किंचित वळतो आणि पुढे निघून जातो.

‘किंचित’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये सकाळी कवडसा आत येतो तेव्हा हवेतली कापसाची तंतुधूळ बघा. खिडकीकडे तोंड करून उभं राहिलं तर ती लखलखते. खिडकीकडे पाठ केली की तीच धूळ जवळजवळ दिसेनाशी होते. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा मोठे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेनेच वळवतात. क्ष-किरणांची तरंगलांबी तर नॅनोमीटरच्या घरातली, ०.१ मायक्रॉनचा कण तिच्यापुढे अवाढव्य. त्यामुळे वळण फार थोडं असतं आणि खळं ताऱ्याला धरून राहतं.

आकडा हवा असेल तर १ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा किरण आणि ०.१ मायक्रॉन त्रिज्येचा कण घ्या. वळण्याचा ठरावीक कोन सुमारे १० कला येतो. पंचांग बघणाऱ्यांना कला-विकला नव्या नाहीत: १ अंशाच्या ६० कला, १ कलेच्या ६० विकला, आणि पूर्ण चंद्राची रुंदी साधारण ३० कला. किरणाची ऊर्जा दुप्पट झाली की कोन निम्मा होतो. कण दुप्पट मोठा झाला तरी निम्माच. शिवाय ऊर्जा दुप्पट केली की वळणाऱ्या किरणांचं प्रमाणच चौथ्या हिश्शावर येतं. म्हणून खळं नेहमी ताऱ्यापेक्षा ‘मऊ’ असतं, म्हणजे त्यात कमी ऊर्जेच्या किरणांचा वाटा जास्त असतो.

असं खळं असलं पाहिजे हे ओव्हरबेक यांनी १९६५ मध्ये मांडलं. प्रत्यक्षात ते १९८३ मध्ये रोल्फ यांनी आइन्स्टाइन उपग्रहाच्या निरीक्षणांत जीएक्स ३३९-४ या स्रोताभोवती दाखवलं.

प्रश्न : गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं तेव्हा उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो. कड्याचा उशीर तसाच समजायचा का? आणि कडं मोठं होतं म्हणजे धूळ बाहेर फेकली जाते का? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, विजापूर रोड)

तसा नाही. दारूकामात उजेड आणि आवाज यांचे वेग वेगळे. इथे ताऱ्यापासून थेट आलेला किरण आणि धुळीवरून वळून आलेला किरण दोघेही प्रकाशाच्याच वेगाने धावतात. वेगळी असते ती वाट. तुमच्याच उदाहरणात सांगायचं तर सुतळी बॉम्बचा आवाज आधी थेट कानावर येतो आणि मग समोरच्या इमारतीच्या भिंतीवरून परत येतो, त्या प्रतिध्वनीशी याची तुलना करा.

वाट किती वाढते ते घरी मोजता येतं. २० मीटर लांबीची दोरी दोन खुंट्यांना ताणून बांधा. बरोबर मध्यावर धरून ती १० सेंटीमीटर बाजूला ओढायची असेल तर किती जादा दोरी लागेल? फक्त १ मिलिमीटर. २० सेंटीमीटर ओढायची तर ४ मिलिमीटर. बाजूचं अंतर दुप्पट, जादा लांबी चौपट. मागावर ताण्याचे धागे चढवणाऱ्याला हे हाताने माहीत असतं: धागा थोडा बाजूला सरकला तर ताण जवळपास तसाच राहतो, जास्त सरकला की एकदम वाढतो.

आता दोरीच्या एका टोकाला तारा, दुसऱ्या टोकाला आपण आणि मध्यावर धूळ ठेवा. धूळ नेमकी अर्ध्या वाटेवर असेल तर

उशीर (सेकंदांत) = १.२१ × ताऱ्याचं अंतर (किलोपार्सेकमध्ये) × कोनाचा वर्ग (कोन विकलांत)

१ किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं. तारा १० किलोपार्सेकवर आणि कडं ५ कलांवर, म्हणजे ३०० विकलांवर दिसत असेल तर १.२१ × १० × ९०,००० = सुमारे १०,९०,००० सेकंद. ३२,६०० वर्षांच्या प्रवासात साडेबारा दिवसांचा उशीर! तो उशीर आपल्याला मोजता येतो, कारण ताऱ्याचा थेट उजेड कधी आला ती वेळ आपल्याजवळ असते.

दुसऱ्या शंकेचं उत्तर यातच आहे. स्फोटानंतर १ दिवसाने आपल्याला फक्त १ दिवस जादा लागणाऱ्या वाटेवरचा उजेड दिसतो. त्या वाटेचा कोन ठरलेला असतो, म्हणून वर्तुळ. ४ दिवसांनी ४ दिवस जादा लागणारी वाट, म्हणजे दुप्पट कोन. ९ दिवसांनी तिप्पट. धूळ जागची हलत नाही, तिच्यावरच्या ज्या जागेवरून आलेला उजेड आपल्याला पोचतो ती जागा सरकते. तारा रोज सारखाच तळपत असेल तर अशी अगणित कडी एकावर एक पडतात आणि सलग खळं दिसतं. तारा अचानक भडकून शांत झाला तरच कडं सुटं दिसतं. धुळीचे ढग तीन असतील तर कडी तीन. एकाच वेळी बघितलं तर सर्वांत मोठं कडं आपल्याला सर्वांत जवळच्या ढगाचं.

प्रश्न : कड्यावरून ताऱ्याचं अंतर काढतात असं वाचलं. पण सूत्रात धूळ ‘अर्ध्या वाटेवर’ गृहीत धरली आहे. ती तिथे आहे हे कोणी सांगितलं? (निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर)

सर, नेमकी दुखरी नस तुम्ही पकडलीत. कोणीच सांगितलेलं नसतं. कड्याचा कोन आणि उशीर या दोन मोजमापांतून ताऱ्याचं अंतर थेट निघत नाही. निघतं ते एक मिश्र अंतर. त्याला आपण आभासी अंतर म्हणू:

आभासी अंतर (पार्सेकमध्ये) = ८२७ × उशीर (सेकंद) ÷ कोनाचा वर्ग (विकला)

आणि त्याचं खऱ्या अंतरांशी नातं असं:

१ ÷ आभासी अंतर = १ ÷ धुळीचं अंतर − १ ÷ ताऱ्याचं अंतर

दहावीत भिंगाचं सूत्र शिकवताना फळ्यावर याच साच्याचं समीकरण तुम्ही कितीदा लिहिलं असेल. तिथे तीनपैकी दोन राशी दिल्याशिवाय तिसरी निघत नाही, इथेही नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. स्फोटानंतर १ दिवसाने, म्हणजे ८६,४०० सेकंदांनी, कडं १३४ विकलांवर दिसलं. आभासी अंतर सुमारे ४,००० पार्सेक, म्हणजे ४ किलोपार्सेक. धुळीचा ढग २ किलोपार्सेकवर आहे असं दुसरीकडून कळलं तर १/२ − १/४ = १/४, म्हणजे तारा ४ किलोपार्सेकवर. आता ढगाच्या अंतरात १० टक्के चूक होऊ द्या. ढग २.२ वर धरला तर तारा ४.९ वर जातो, १.८ वर धरला तर ३.३ वर येतो. इकडची १० टक्के चूक तिकडे २० टक्क्यांच्या आसपास होते. धूळ ताऱ्याच्या जितकी जवळ, तितकी ही वाढ कमी. धूळ आपल्या जवळ आणि तारा फार दूर असेल तर मात्र ताऱ्याचं अंतर हातातून निसटतं.

दोन कडी असली तर? अनेकांना वाटतं की दोन समीकरणं मिळाली, प्रश्न सुटला. सुटत नाही, कारण दुसऱ्या कड्याबरोबर दुसऱ्या ढगाचं अज्ञात अंतरही येतं. पण दोन्ही समीकरणं वजा केली की ताऱ्याचं अंतर गळून जातं आणि उरतात फक्त ढगांची अंतरं. ही तपासणी फार मोलाची आहे: ढगांची दुसरीकडून घेतलेली अंतरं या वजाबाकीत बसली नाहीत तर कोणता ढग कोणत्या कड्याचा, ही जुळणीच चुकली आहे.

ढगाचं अंतर दुसरीकडून आणायचं कसं? जवळच्या ढगांसाठी गाया उपग्रहाने अंतर मोजलेले तारे. ढगाच्या अलीकडचे तारे स्वच्छ दिसतात, पलीकडचे तांबूस होतात; जिथे तांबूसपणा एकदम वाढतो तिथे ढग. दूरच्या ढगांसाठी कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ लहरी. त्यांवरून ढगाचा वेग कळतो आणि आकाशगंगेच्या फिरण्याच्या हिशेबात तो वेग कोणत्या अंतरावर बसतो ते बघतात. अडचण अशी की आकाशगंगेच्या आतल्या भागात एकाच वेगाला एक जवळचं आणि एक दूरचं अशी दोन अंतरं निघतात.

सर्किनस एक्स-१ या न्यूट्रॉन ताऱ्याच्या बाबतीत हे काम सुरेख जमून आलं. हा तारा सोबतच्या ताऱ्याभोवती साडेसोळा दिवसांत फिरतो. २०१३ च्या अखेरीस तो जोरात भडकला आणि शांत झाला. नंतर चंद्रा आणि एक्सएमएम-न्यूटन या दुर्बिणींना त्याच्याभोवती ५ ते १३ कलांच्या दरम्यान चार कडी दिसली. हाइन्झ आणि सहकाऱ्यांनी ती ऑस्ट्रेलियातल्या मोप्रा दुर्बिणीने टिपलेल्या कार्बन मोनॉक्साइडच्या ढगांशी जुळवली आणि २०१५ मध्ये अंतर जाहीर केलं: ९.४ किलोपार्सेक, सुमारे ३०,७०० प्रकाशवर्षं. त्याआधीचे अंदाज एकमेकांपासून फार लांब होते.

दुसरी वाट कड्याच्या तेजावरून जाते. धूळ आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये कुठे आहे त्यावर किरणाला प्रत्यक्षात किती वळावं लागलं हे ठरतं: दिसणारा कोन तोच असला तरी ताऱ्याजवळच्या धुळीवर वळण जास्त तीव्र. आणि वळण तीव्र होत जातं तसं कडं किती भराभर मंद होतं ते कणांच्या आकारावर अवलंबून असतं. १ई १५४७.०-५४०८ हा मॅग्नेटार, म्हणजे प्रचंड चुंबकीय क्षेत्राचा न्यूट्रॉन तारा, २२ जानेवारी २००९ रोजी स्फोटांची माळ लागल्यासारखा धडधडला. त्याच्याभोवती स्विफ्ट उपग्रहाला आणि एक्सएमएम-न्यूटनला तीन कडी मिळाली. टिएंगो आणि सहकाऱ्यांनी या रीतीने अंतर सुमारे ४ किलोपार्सेक काढलं. यात धुळीचं कोणतं प्रतिमान वापरलं त्याप्रमाणे आकडा हलतो. म्हणून कड्यावरून काढलेलं अंतर वाचताना एकच प्रश्न आधी विचारा: धुळीची माहिती कुठून आणली? त्याचं उत्तर जितकं पक्कं, तितकंच ते अंतर पक्कं.

प्रश्न : आमच्या गच्चीवरून ८ इंची दुर्बिणीने हे खळं दिसेल का? (होटगी रोड)

नाही. क्ष-किरण वातावरणात वरच्या वर शोषले जातात. काचेचा आरसाही त्यांना सरळ अडवून परतवू शकत नाही. उपग्रहांतले आरसे नळकांड्यांसारखे एकात एक बसवलेले असतात आणि किरण त्यांच्यावरून जेमतेम घासत जातात. त्याच दुर्बिणीने चंद्राला चिकटलेलं ढगाळ तेज मात्र बघा, भौतिकी तीच आहे.

प्रश्न : आम्ही तीन मित्र एम.एस्सी. भौतिकशास्त्र करतो. प्रकल्पासाठी खरं निरीक्षण घेऊन कडं शोधायचं आहे. लॅपटॉपवर जमेल का, आणि चुका कुठे होतात? (केगाव)

जमेल, आणि जरूर करा. १ई १५४७.०-५४०८ ची जानेवारी २००९ ची स्विफ्टची निरीक्षणं सुरुवातीला उत्तम. नासाच्या हीसार्क संग्रहात ती सर्वांना खुली आहेत. सोबत हीसॉफ्ट हा सॉफ्टवेअरसंच, चित्र बघायला डीएस-९ आणि हिशेबाला पायथन एवढं पुरतं. हीसॉफ्ट लिनक्सवर सरळ चालतं. विंडोजवाल्यांनी आतच लिनक्सची सोय करून घ्यावी.

स्विफ्टच्या क्ष-किरण दुर्बिणीच्या फायली दोन मुख्य पद्धतींच्या असतात. नावात ‘पीसी’ असलेल्याच घ्या. ‘डब्ल्यूटी’ पद्धतीत वेळ बारकाईने नोंदवण्यासाठी चित्र एकाच मितीत दाबलेलं असतं. त्यात कडं शोधणं म्हणजे घडी घातलेल्या चादरीवर नक्षी शोधणं. तारा फार तेजस्वी असताना दुर्बीण आपोआप डब्ल्यूटीकडे जाते, त्यामुळे नेमक्या स्फोटाच्या वेळचं पीसी चित्र मिळालं नाही तर खट्टू होऊ नका. कडं हवं आहे ते नंतरचं.

स्वच्छ केलेल्या इव्हेंट फाइलमध्ये प्रत्येक ओळ म्हणजे एक फोटॉन: वेळ, जागा, ऊर्जेचा चॅनेल. चॅनेल १० इलेक्ट्रॉनव्होल्टचा, तेव्हा १०० ते ५०० हे चॅनेल ठेवा, म्हणजे १ ते ५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. याखाली वाटेतला वायू किरण गिळतो, वर धूळ त्यांना वळवत नाही. नुसती पार्श्वभूमी वाढते.

मग प्रत्येक फोटॉनचा ताऱ्यापासूनचा कोन काढा. फाइलमधले आकाश-पिक्सेल वापरले तर सोपं: १ पिक्सेल २.३६ विकलांचा. विषुवांश-क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश) वापरत असाल तर विषुवांशातल्या फरकाला क्रांतीच्या कोसाइनने गुणायला विसरू नका. हा तारा दक्षिणेला ५४ अंशांवर आहे. तिथे कोसाइन ०.५९ च्या आसपास, म्हणजे गुणाकार राहिला तर पूर्व-पश्चिम कोन सुमारे १.७ पट ताणले जातील आणि गोल कडं हिशेबात लांबट होऊन विरून जाईल. पहिल्याच खेपेला होणारी ही चूक.

आता प्रत्येक फोटॉनसाठी ८२७ × उशीर ÷ कोनाचा वर्ग काढून आभासी अंतराचा आलेख करा, कप्पे लॉगरिदमिक घ्या. चित्रात पसरणारं कडं इथे एकाच जागी साचतं आणि शिखर होतं. कारण कोन वाढतो तो उशिराच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच. वेगवेगळ्या दिवसांची निरीक्षणं एकत्र टाकता येतात हा या पद्धतीचा मोठा फायदा. नुसतं चित्र बघून काम केलं तर तसं जमत नाही. स्फोटानंतर एका दिवसाने १०,००० सेकंदांचं निरीक्षण घेतलं तर तेवढ्या वेळात ३ कलांचं कडं १० विकला सरकतं. दुर्बिणीची स्वतःची अस्पष्टताच १८ विकलांची, म्हणजे कडं लिंपल्यासारखं दिसतं.

पार्श्वभूमी सपाट नसते हे ध्यानात ठेवा. चित्रावर एकसारखे शिंपडलेले फोटॉन या आलेखात सपाट दिसत नाहीत, कप्प्यातली संख्या कप्प्याच्या रुंदीने भागली तर आभासी अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरत जातात. ती उतरण आधी वजा करा. तशीच न करता बसलात तर कमी अंतराच्या बाजूला खोटा ढग ‘सापडतो’.

या दुर्बिणीच्या संवेदकावर २००५ पासून काही स्तंभ निकामी आहेत. सूक्ष्म उल्का आदळल्याचा तो परिणाम. चित्रात त्या जागी काळ्या रेघा येतात आणि कडं तुटल्यासारखं दिसतं. त्यासाठी एक्सपोजर-नकाशा (चित्रातल्या कोणत्या जागेला किती उजेड टिपता आला त्याचा नकाशा) बनवा आणि त्याने भागा. कडेला उजेड कमी पडतो त्याचीही दुरुस्ती त्याच नकाशात होते. चित्रातले इतर तारे आणि मधल्या ताऱ्याचा गाभा वर्तुळं काढून वगळा.

उशीर मोजायचा तो कोणत्या क्षणापासून? २२ जानेवारीला काही तासांत शेकडो स्फोट झाले. कड्यात मुख्य वाटा सर्वांत मोठ्यांचा. सुरुवातीचा क्षण तासाभराने पुढे-मागे करून बघा: शिखर ज्या वेळी सर्वांत अरुंद आणि उंच होतं तो क्षण खरा. पहिल्या एक-दोन दिवसांच्या निरीक्षणांवर याचा परिणाम ठळक दिसतो, दहाव्या दिवशी तासाभराचा फरक कळतही नाही. घड्याळ १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत चालतं. भारतीय वेळ मध्ये मिसळू नका, साडेपाच तासांची चूक इथे सहज होते.

सर्वांत फसवी चूक भरकटलेल्या उजेडाची. चौकटीच्या बाहेर एखादा तेजस्वी स्रोत असेल तर त्याचे किरण आरशांवरून एकदाच परावर्तित होऊन आत शिरतात आणि चित्रात सुरेख कमानी उमटतात. या दुर्बिणीत १२ आरसे एकात एक बसवलेले आहेत, म्हणून कमानीही एकीला लागून एक अशा येतात. त्या कमानींचं केंद्र तुमच्या ताऱ्यावर नसतं, हे पहिलं लक्षण. पक्की परीक्षा मात्र ही: निरीक्षणांचे वेळेनुसार दोन भाग करा आणि दोन्हींचा आलेख काढा. धुळीचं कडं असेल तर शिखर दोन्हींत त्याच आभासी अंतरावर राहील. आरशाची कमान किंवा दुर्बिणीचा दोष असेल तर तो कोनात जागचा राहतो, म्हणून आभासी अंतरात सरकलेला दिसेल. ही परीक्षा पार न केलेल्या शिखराला ढग म्हणू नका.

प्रश्न : हे काम आपल्या अॅस्ट्रोसॅटवरून का होत नाही? (अशोक चौक)

अॅस्ट्रोसॅट हा भारताचा खगोल-उपग्रह २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० वरून गेला. त्यावरची मऊ क्ष-किरणांची दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधली. तिचं दृश्यक्षेत्र सुमारे ४० कलांचं, स्विफ्टच्या साडेतेवीस कलांपेक्षा मोठं. पण बिंदू ती सुमारे २ कला पसरवते. वरच्या उदाहरणातलं कडं पहिल्या दिवशी २.२ कलांवर होतं, ते तिच्यात विरून जाईल. अॅस्ट्रोसॅटची ताकद वेगळी आहे: एकाच वेळी अतिनील ते कठीण क्ष-किरणांपर्यंत बघणं आणि झटपट होणारे बदल टिपणं.

या मऊ क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा वापरणाऱ्यांनी मात्र खळं विसरू नये. अस्पष्टतेमुळे ताऱ्याभोवती १५ कलांपर्यंतचं वर्तुळ घेऊन वर्णपट, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किरण किती याचा आलेख, काढण्याचा प्रघात आहे. धुळीआडच्या ताऱ्याचं खळं त्या वर्तुळात पूर्ण येतं, म्हणजे त्यात आजच्या उजेडाबरोबर काही दिवसांपूर्वीचा उजेडही मिसळतो. उलट चंद्रा दुर्बिणीच्या अर्ध्या विकलेच्या स्पष्टतेने छोटं वर्तुळ घेतलं तर खळ्यात गेलेले किरण हिशेबातून सुटतात आणि वायूने शोषण जास्त केलं असं वाटतं. वर्णपट बसवताना एक्सस्पेक या सॉफ्टवेअरमधलं ‘एक्सस्कॅट’ हे प्रतिमान यासाठीच आहे. त्यात आपण घेतलेल्या वर्तुळाची त्रिज्या सांगावी लागते.

प्रश्न : न्यूट्रॉन ताऱ्याच्या पृष्ठभागावर अणुस्फोट होतात ते रोज होत असतात असं वाचलं. मग रोज नवी कडी का नाहीत? (बाळे)

न्यूट्रॉन तारा आकाराने लहान. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान, पण व्यास २४ किलोमीटरच्या आसपास. सोलापूरहून मोहोळला पोचायच्या आत तारा संपला. सोबतच्या ताऱ्याकडून त्याच्यावर हायड्रोजन-हीलियम साचत जातं, पुरेसं झालं की पेटतं आणि दहा-वीस सेकंद ते मिनिटभर भडका उडतो. काही ताऱ्यांवर हे काही तासांनी पुन्हा होतं. पण दोन भडक्यांच्या मधल्या वेळात साचणाऱ्या द्रव्यातून निघणारी एकूण ऊर्जा त्या भडक्यातल्या ऊर्जेच्या कितीतरी पट असते. म्हणजे सलग खळं आधीच भरलेलं असतं. त्यावर एका भडक्याचं कडं उठून दिसत नाही.

जिथे ते जाणवतं ती जागा ताऱ्याला चिकटलेली आहे. ८ किलोपार्सेकवरचा तारा, मध्यावर धूळ, १० विकलांचा कोन: उशीर ९७० सेकंद, सुमारे १६ मिनिटं. भडका मिनिटात संपला तरी त्याची मऊ, मंद शेपटी पुढे रेंगाळते. ती पृष्ठभाग सावकाश थंड होण्याची खूण समजली तर निष्कर्ष चुकतो. तपासायचं असेल तर गाभा आणि त्याभोवतीचं वलय यांचे आलेख वेगळे काढा: शेपटी वलयात जास्त ठळक असेल तर ती धुळीची.

ग्रहण होणारे तारे याहून चांगली संधी देतात. आकाशगंगेच्या केंद्राजवळ दिसणारा एएक्स जे१७४५.६-२९०१ हा न्यूट्रॉन तारा दर सुमारे ८.४ तासांनी सोबत्याच्या आड जातो आणि साधारण २४ मिनिटं झाकलेला राहतो. तेवढ्या वेळात थेट उजेड बंद असतो, तरीही क्ष-किरण येत राहतात. ते बहुतांश खळ्याचे: ग्रहण लागण्याआधी निघालेले आणि लांबच्या वाटेने आता पोचणारे. ग्रहणाच्या सुरुवातीला आतलं खळं आधी मावळतं, बाहेरचं मागे राहतं, आणि ग्रहण सुटल्यावरही त्याच क्रमाने उजळतं. १० विकलांच्या आत काय होतं ते बघायला इथे चंद्रा दुर्बिणीसारखी स्पष्टता लागते.